नव्वद बैलजोड्यांचा बंब

"दसऱ्याले मोटार! लेहून ठेवा!"

साखरबोडीच्या बंबखान्याचे जमादार भैयाजी हे वाक्य पानठेल्यावर म्हणायचे, न्हाव्यापुढे मान वाकवून म्हणायचे आणि मयतीला गेले तर लाकडं रचता रचताही म्हणायचे. कसली मोटार, असं कोणी विचारायचाच अवकाश, की त्याची सुटका नाही! लाल रंगाची, पाण्याची टाकी पोटात असलेली, घणघण घंटा वाजवत सुटणारी आगीची मोटार! भैयाजींना मोटार चालवता येत नव्हती. पण ही बाब त्यांच्या लेखी किरकोळ होती.

मध्य प्रदेशातून उठून आपण मुंबई राज्यात गेलो, त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. राज्य बदललं, कागदावरचे शिक्के बदलले, पण साखरबोडीचा बंब काही बदलला नाही. चार लाकडी चाकं, वर पाण्याचं पिंप आणि पितळेचा हातपंप, त्याचा दांडा दोन्हीकडून दोन-दोन माणसांनी वर-खाली करायचा आणि पुढं जुंपायला दोन बैल. एक लाखा, दुसरा चांद्या. गावाच्या एका टोकाला सागवानाचा डेपो, दुसऱ्या टोकाला धानाची गिरणी आणि मधे घरोघरी तणसाचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे ढीग. आग लागायला काय उशीर! पण घंटा वाजली की भैयाजींनी आधी बैल शोधायचे, मग त्यांना पाणी दाखवायचं, मग गोंजारून गोंजारून जुंपायचे. बंब पोचेपर्यंत आग आपली आपणच विझलेली असायची आणि लोक राखेतल्या निखाऱ्यावर चिलीम पेटवून बसलेले असायचे.

"या जमादार," कोणीतरी म्हणायचं, "चिलीम घ्या. दमले असान."

हे ऐकून भैयाजी चिलीम न घेताच बंब माघारी वळवायचे हो! माणूस मनानं चांगला होता. त्याला खरंच आग विझवायची होती.

पण मोटारीची खरी घाई होती ती त्यांच्या बायकोला, शकुबाईला. बंबखाना म्हणजे एक मोठी खोली आणि एक लहान. मोठीत बंब राहायचा, लहानीत भैयाजी आणि शकुबाई. आणि लाखा-चांद्या? ते शकुबाईच्या ओसरीत! लग्न होऊन आल्यापासून बावीस वर्षं त्या बाईनं ओसरी म्हणून कधी धड पाहिली नाही. बैलांच्या पाठी तेवढ्या पाहिल्या. त्या उन्हाळ्यात चांद्यानं तिच्या लाखोरी डाळीच्या वड्यांचं भरलेलं सूप फस्त केलं, वर तोंडी लावायला खाटेची दोरी चघळली. मग मात्र शकुबाई पदर खोचून उभी राहिली.

"आवो, आयकून घ्या! दिवाळीपर्यंत हे बैल माह्या ओसरीतून गेले नाई, तं मी चालली कुरखेड्याले, भावाच्या घरी!"

"अवं, जरा दम धर. मोटार आली का बैल गेलेच समज. कमिटी दुसरी खोली बांधून राह्यली ना!"

"बांधून राह्यली? कुठी? मले तं एक वीट दिसत नाई."

"कागदावर बांधून राह्यली."

कागदावर मात्र काम खरंच जोरात होतं. नगरपालिकेला गावात कमिटी म्हणत, आणि कमिटीचे अध्यक्ष होते गिरणीवाले गुणवंतराव. त्यांनी ठराव मांडला: सरकारकडे मोटार मागावी, बंबखाना वाढवावा, मोटारीसाठी नवी खोली आणि पाण्यासाठी पक्कं टाकं बांधावं. सभेत एका मेंबरानं शंका काढली, "पावसाळ्यात आग लागत नाई, उन्हाळ्यात विहिरीत पानी राहत नाई. मंग मोटारीत भराचं काय जी?" दुसऱ्यानं विचारलं, मोटार वरातीला भेटंल काय? यावर तासभर कडाक्याची चर्चा झाली, मोटार वरातीला देऊ नये असा पोटठराव झाला, आणि मूळ ठराव मुंबईला गेला.

श्रावणात उत्तर आलं. प्रस्तावाची जागेवर पाहणी करायला आगबंब तपासनीस विजयकर साहेब अमुक तारखेला सकाळी अकरा वाजता हजर होतील. सध्याची व्यवस्था प्रत्यक्ष चालवून दाखवावी. त्यांच्या अभिप्रायावर सरकार निर्णय घेईल.

गावभर आनंदीआनंद! भैयाजींनी ती तारीख दहा ठिकाणी सांगितली, अकराव्या ठिकाणी म्हणजे घरी सांगितली. शकुबाईनं बोटांवर काहीतरी मोजलं.

"आवो, त्या दिवशी तं पोळा हाय!"

पोळा! वर्षातून एकच दिवस, पण त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू म्हणून ठेवायचं नाही. आदल्या दिवशी हळद-लोण्यानं त्याचे खांदे मळायचे, उद्या जेवायला या म्हणून त्याला रीतसर आवतन द्यायचं, आणि उद्या त्यालाच जुंपायचं? साखरबोडीत कोणी असं केलं असतं तर गावानं त्यालाच जुंपून नांगर हाकला असता.

भैयाजी धावत गिरणीवर गेले. गुणवंतरावांनी कपाळाला हात लावला.

"साहेबाले तार करू काय?" त्यांनी विचारलं.

"साहेब निंगाले भाऊ मुंबईहून. आलापल्लीच्या जंगलात लाकडाचे डेपो पाहून राह्यले म्हनते. तार कोन्या झाडाले देता?"

गिरणीचा पट्टा फटफट करत फिरत होता. आणि फिरता फिरता भैयाजींच्या डोक्यातही काहीतरी फिरलं. ते एकदम उठून उभे राहिले.

"भाऊ! अवो भाऊ! याच्याहून चांगला दिवस नाई!"

"काऊन?"

"पाहा ना! साहेबासमोर थोडीशी नमुन्याची आग लावू. घंटा वाजवू. बंब तयार, मानसं तयार, पानी तयार... अन् बैल? बैल नाई! काऊन नाई? पोळा! साहेब म्हनन, बाप्पा रे, बैलाच्या भरवशावर हे गाव एक दिवस जळून जाईन! द्या याइले मोटार!"

गुणवंतरावांनी भैयाजींना कडकडून मिठी मारली. त्यांच्या सदऱ्यावर कोंड्याचा पांढरा शिक्का उमटला.

मग भैयाजींनी व्यवस्था लावली. त्यांच्यासारखा व्यवस्था लावणारा माणूस पंचक्रोशीत नव्हता, असं ते स्वतःच सांगत. गावाच्या आखरावर, म्हणजे जिथं पोळा भरतो त्या मोकळ्या जागेवर, एका कडेला तणसाचा छोटासा ढीग घातला. पोळा चारला भरतो, साहेब अकराला येतात, म्हणजे मधे पाच तास मोकळे! ढिगाशी बसवला इस्तारीला. हा पंपाच्या दांड्यावरचा गडी, सांगितलेलं काम करणारच, मग आभाळ कोसळो.

"साहेबाची जीप समोरच्या वडाजवळ आली, का लावाची काडी. समजलं?"

"समजलं."

दांड्यावरच्या बाकी तिघांना सांगितलं, घंटा झाली की बंबाजवळ उभं राहायचं, चेहरे पाडायचे आणि कोणी बंबाला हात लावायचा नाही. कमिटीचा चपराशी सोमाजी साहेबाबरोबर फिरणार होता, त्याची तर खास शिकवणी घेतली.

"सोमाजी, साहेबलोकाइले 'नाई' खपत नाई. तो काहीबी इचारो, तू फक्त म्हनाचं, 'हो साहेब'."

"अन् समजलं नाई तं?"

"तरीबी हो साहेब."

पोळ्याचा दिवस उजाडला. अकरा वाजले, बारा वाजले, एक वाजला. जीप नाही! भैयाजी वडाखाली उभं राहून आलापल्लीच्या रस्त्याकडे बघून बघून थकले. दोन वाजता रिमझिम पाऊस येऊन गेला. तीन वाजता ते मनाशी म्हणाले, साहेब काही येत नाही, नाल्याला पूर असणार. आणि घरी जाऊन लाखा-चांद्याला सजवायला लागले. झुली घातल्या, गळ्यात घुंगरू बांधले, शिंगं तांबडीलाल रंगवली. बंबाचे बैल म्हणून त्यांचा मान मोठा, रांगेत पहिली जोडी त्यांची. शकुबाईनंही राग विसरून दोघांना ओवाळलं, चांद्याला जरा कमी.

एवढं सगळं केलं, पण इस्तारीला कोणी सांगितलंच नाही की बाबा, आता ऊठ!

इस्तारी ढिगाशीच बसून होता. तणस ओलं झालेलं पाहून त्यानं स्वतःची अक्कल चालवली, घरी जाऊन मातीच्या तेलाचा, म्हणजे रॉकेलचा डबा आणला आणि सगळाच्या सगळा ढिगावर ओतला.

चार वाजता आखर फुलला. या टोकापासून त्या टोकापर्यंत तोरण बांधलेलं, त्याखाली नव्वद बैलजोड्या शिंगाला शिंग लावून उभ्या, प्रत्येक जोडीशी धनी. कडेला गवताच्या छपराचा मांडव, त्यात पूजेचं ताट घेऊन गुणवंतराव, डोक्याला जरीचा फेटा. एक म्हातारा खड्या आवाजात झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी म्हणत होता आणि दर झडतीला सगळा आखर गर्जून "हर हर महादेव!" करत होता.

आणि नेमकी त्या वेळी, चाकापासून टपापर्यंत चिखलानं माखलेली जीप वडाजवळ येऊन थांबली!

विजयकर साहेब पाच तास नाल्यापलीकडे अडकून पडले होते. जन्म मुंबईचा, शिक्षण मुंबईचं, नोकरी मुंबईची. बैल त्यांनी पाहिला होता, पण एका वेळी एक. सोमाजी पळत जाऊन सलाम ठोकून उभा राहिला. साहेबांनी समोर पाहिलं आणि त्यांचे डोळे चष्म्याबाहेर यायचे तेवढे राहिले.

"अरे वा! इतके बैल? हे सगळे कमिटीचे?"

"हो साहेब."

"बंबासाठी?"

"हो साहेब."

"शिंगांना लाल रंग दिलाय तो बंबखात्याचा म्हणून?"

"हो साहेब."

"आणि ते गृहस्थ ओरडताहेत, ती हजेरी चाललीये?"

तेवढ्यात "हर हर महादेव!" झालं. "हो साहेब," सोमाजी म्हणाला.

साहेबांनी खिशातून वही काढली. आणि तिकडे इस्तारीनं, जीप वडाजवळ आली म्हणून, काडी लावली.

भक्क! ढीग असा पेटला की इस्तारीच्या मिशीचा डावा भाग त्यातच गेला. वारा होता मांडवाच्या दिशेनं. बघता बघता ज्वाला मांडवाच्या गवतावर चढली, तिथून तोरणाच्या दोरीवर सरकायला लागली. एकच गोंधळ! बैल बिथरले, घुंगरं झणझणली, बायका पोरांना कवटाळून पळाल्या. "बंब आना रे, बंब!" असा ओरडा झाला. कोणीतरी घंटा बडवली. आणि बंबखान्याच्या दारात तिघं गडी, शिकवल्याबरहुकूम, चेहरे पाडून उभे राहिले.

भैयाजी बैल खुंटाला बांधून जरा आखराच्या कडेला आले होते. खरं सांगायचं तर क्षणभर त्यांना बरंच वाटलं. वा! साहेब आले, आग लागली, बैल नाही! ठरल्यापेक्षाही झकास! आता फक्त उभं राहायचं, मोटार पक्की!

मग त्यांचं लक्ष रांगेच्या पहिल्या जोडीकडे गेलं. मांडवाला अगदी लागून, खुंटाला बांधलेले लाखा आणि चांद्या. लाखा दोरीला हिसके देत होता. चांद्या हिसकेही देत नव्हता, नुसता मान वळवून गर्दीत भैयाजींना शोधत होता.

"माह्ये बैल! अरे, माह्ये बैल जळन ना रे!"

मोटार गेली खड्ड्यात! भैयाजी धोतर सावरत बंबखान्याकडे धावले. पडलेल्या चेहऱ्यांच्या गड्यांना ढकललं आणि बंबाचं जू उचलून सरळ स्वतःच्या मानेवर घेतलं. एका बाजूला ते, दुसरी बाजू रिकामी. जू तिरपं झालं, भैयाजीही तिरपे झाले. तेवढ्यात दुसऱ्या बाजूला एक मान आली. जरीच्या फेट्यासकट! अध्यक्ष गुणवंतराव मांडवातून पळत आले होते.

"वढा भैयाजी!"

"वढा भाऊ!"

अध्यक्ष आणि जमादार एका जुवाखाली जुंपलेले पाहून आखरावरच्या लोकांना काय झालं कुणास ठाऊक, चाळीस-पन्नास माणसं धावून आली. कोणी चाकाला भिडलं, कोणी मागून रेटलं, कोणी नुसतंच "हर हर महादेव!" करत बरोबर पळालं. तो बंब जन्मात कधी असा पळाला नसेल! आल्या आल्या दांड्यावर माणसं तुटून पडली, पाण्याची धार सुटली. पहिली धार गेली साहेबांच्या टोपीवर, दुसरी गुणवंतरावांच्या फेट्यावर आणि तिसरी आगीवर. भैयाजींनी मधल्या मधे विळ्यानं दोर कापून लाखा-चांद्याला मोकळं केलं होतं. ते दोघं आणि त्यांच्यामागून सगळा पोळाच सैरावैरा घरोघरी पळाला. पाच मिनिटांत आग थंड झाली. जळाला तो फक्त मांडव, तोरण आणि इस्तारीची अर्धी मिशी.

भैयाजी जमिनीवर बसून धापा टाकत होते. साहेब जवळ आले. टोपीतून पाणी गळत होतं, पण चेहरा नुसता उजळलेला!

"साडेतीन मिनिटं! जमादार, मी घड्याळ लावून पाहिलं, घंटा झाल्यापासून धार सुटेपर्यंत साडेतीन मिनिटं! मुंबईतसुद्धा माझ्या पाहण्यात नाही!"

"साहेब... आज... पो... पोळा..." भैयाजींना दम पुरेना.

"आणि एवढे बैल हाताशी असताना माणसांनी ओढला! मी विचार करत होतो का, आणि मग लक्षात आलं! बैल राखून ठेवले तुम्ही! दुसरीकडे आग लागली तर! काय ही दूरदृष्टी!"

"तसं नाई साहेब, ते बैल..."

"बरं, ही आग लागली कशी?"

भैयाजींनी गुणवंतरावांकडे पाहिलं. गुणवंतरावांनी इस्तारीच्या मिशीकडे पाहिलं. खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं, अध्यक्षांच्या परवानगीनं लावली म्हणून! गुणवंतरावांनी भिजलेला फेटा नीट केला आणि गोड आवाजात म्हणाले, "साहेब, पुरनपोळी खाऊन घ्या. थंडी होऊन राह्यली."

साहेबांनी चार पुरणपोळ्या खाल्ल्या, सोमाजीला "फार हुशार माणूस" असं प्रशस्तिपत्र दिलं आणि उजेड आहे तोवर निघून गेले.

त्यानंतर महिनाभर भैयाजी मोटारीचं नाव काढेनात. पण मनात एक आशा होतीच. साहेब खूश होऊन गेले होते, आणि खूश साहेब काहीतरी देतोच! दसऱ्याच्या आठ दिवस आधी मुंबईचा लखोटा आला. गुणवंतरावांनी भर सभेत फोडला आणि वाचायला लागले.

"साखरबोडी येथील बंबखाना वाढवण्याचा प्रस्ताव मंजूर करण्यात येत आहे..."

टाळ्या! भैयाजी दारात उभे होते, त्यांचे डोळेच भरून आले.

"...तथापि नगरपालिकेकडे नव्वद बैलजोड्या उत्कृष्ट स्थितीत असल्याने व मनुष्यबळ अपवादात्मक तत्पर असल्याने मोटारबंबाची गरज दिसत नाही. तो अन्य गरजू गावास देण्यात येईल. मंजूर बांधकाम बैलांच्या गोठ्यासाठी वापरावे. नव्वदपैकी किमान सहा जोड्या बंबखान्यावर कायम सज्ज ठेवाव्यात. त्यांच्यासाठी जंगल खात्याकडून गवत पुरवले जाईल. गोठा पूर्ण होईपर्यंत..."

गुणवंतराव अडखळले.

"वाचा ना भाऊ," भैयाजी क्षीण आवाजात म्हणाले.

"...गोठा पूर्ण होईपर्यंत जमादाराच्या निवासस्थानाची ओसरी वापरावी."

आता याला नाही म्हणायचं कोणी? बैल कमिटीचे नाहीत म्हणावं, तर मग कोणाचे, का जमले होते, आग कशी लागली... पुन्हा सगळं इस्तारीच्या मिशीपाशी येत होतं. बरं, फुकटचं गवत मिळतंय म्हटल्यावर गावात एवढा उत्साह आला की दुसऱ्या दिवशी सकाळी बंबखान्यापुढे तीस जोड्या हजर! "माह्या बैल घ्या जमादार, आगीले अजिबात भेत नाई!" शेवटी चिठ्ठ्या टाकून पाच जोड्या निवडल्या. ज्यांचा नंबर लागला ते हसत घरी गेले, ज्यांचा लागला नाही ते पुढच्या वर्षी आपला नंबर म्हणून सांगून गेले. गाव कसं अगदी खूश होतं!

लाखा-चांद्या धरून बारा बैल. सहा ओसरीत, चार अंगणात आणि दोन जागा नाही म्हणून थेट शकुबाईच्या दाराला लागून.

शकुबाई शब्दाची पक्की होती. तिनं गाठोडं बांधलं, नवं लुगडं नेसलं आणि कुरखेड्याला जायला म्हणून दार उघडलं. दारात बैलाचं पुठ्ठं!

"हट! अरे हट ना!"

बैल हटला नाही. हटून जायला त्याला तरी जागा कुठं होती? पलीकडे दुसरा, त्याच्या पलीकडे तिसरा. शकुबाईनं गाठोडं आपटलं आणि खाटेवर बसून राहिली.

बाहेर भैयाजींना, खोटं कशाला बोला, जरा हायसंच वाटलं. मोटार गेली ती गेली, पण बायको तर राहिली! ते खुशीत गवताच्या पेंढ्या टाकत फिरले. पण सूर्य डोक्यावर आला, पोटात कावळे ओरडायला लागले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की बायकोला बाहेर यायला वाट नाही, तशी आपल्यालाही आत जायला वाट नाही. चूल आत, भात आत!

ते घराला वळसा घालून मागच्या खिडकीशी गेले. खिडकी एवढीशी, ताट जेमतेम जाईल एवढी.

"अवं..."

आत खाट करकरली.

"अवं, आयकतेस काय? सकाळपासून बाराइले चारा-पानी करून राह्यलो. जीव चालला माह्या."

बराच वेळ नुसती भांडी आपटल्याचे आवाज आले. मग खिडकीतून एक ताट बाहेर आलं. वाफाळता भात, आंबाडीची भाजी, वर तेलाची धार.

"घ्या," शकुबाई म्हणाली. "बारा बैलाइले सरकारचं गवत हाय. तेराव्याचं मलेच पाहा लागते."

भैयाजींनी ताट घेतलं, खिडकीखालीच बैठक मारली आणि मान खाली घालून मुकाट्यानं खायला लागले.